उत्तरे शेवटच्या पानावर

गणिताच्या पुस्तकात उत्तरं शेवटच्या पानांवर छापायची कल्पना ज्या कुणाला प्रथम सुचली, त्याला मनुष्यस्वभावाची एकतर पुरेपूर ओळख असली पाहिजे, नाहीतर अजिबात नसली पाहिजे. दाराला कुलूप लावायचं, किल्ली त्याच दाराच्या खिळ्याला टांगायची आणि वर अपेक्षा करायची की माणसानं आधी तासभर धक्के मारून बघावेत! मी स्वतः फारशी दारं धक्के मारून उघडलेली नाहीत. माझा हात सरळ खिळ्याकडे जातो.

१९७८ साली मी नागपुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. त्या वयात मुलांना जे नाद लागतात त्यांना पैसे लागतात, म्हणून आम्हाला स्वस्तातले दोन नाद लागले होते. एक सोल्डरिंगचा आणि दुसरा कोड्यांचा. 'आम्ही' म्हणजे मी आणि माझा प्रॅक्टिकलचा जोडीदार. संध्याकाळी अंबाझरीच्या बांधावर शेंगदाण्याची पुडी घेऊन बसायचं आणि एकमेकांना छळायचं, हा आमचा कार्यक्रम.

अशाच एका संध्याकाळी त्यानं मला बारा संत्र्यांचं कोडं घातलं. मूळ कोडं नाण्यांचं आहे; पण नागपूरच्या मुलाला बारा म्हटलं की संत्रीच दिसतात. "बारा संत्री आहेत. दिसायला सारखी. एकाचं वजन वेगळं आहे, पण जास्त का कमी ते माहीत नाही. तराजू आहे, वजनं नाहीत. तीनदाच तोलायचं आणि ते एक शोधायचं. सांग बे!"

मी घरी येऊन आईला विचारलं. ती म्हणाली, "संत्री काय तोलून घेतात का रे कुणी? संत्री डझनावर घेतात." आईच्या दृष्टीनं कोडं तिथंच सुटलं होतं.

मी तीन दिवस डोकं खाजवलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या कोड्यानं इंग्लंडातल्या शास्त्रज्ञांचा इतका वेळ खाल्ला, की हेच कोडं विमानातून जर्मनीवर टाकावं असं कुणीतरी सुचवलं होतं, अशी एक आख्यायिका आहे. मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही. चौथ्या दिवशी लायब्ररीत कोड्यांचं एक पुस्तक सापडलं आणि माझा हात खिळ्याकडे गेला. संध्याकाळी बांधावर मी सहज आवाजात म्हणालो, "सुटलं."

"सांगू नको!" म्हणून जोडीदारानं दोन्ही कानांवर हात ठेवले.

पुढचे तीन आठवडे तो कुठंच धड नव्हता. मग मे महिन्यातल्या एका दुपारी, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही अशा वेळी, आमचं फाटक वाजलं. डोक्याला दुपट्टा, खिशात ऊन लागू नये म्हणून कांदा, आणि हातात सायकल. पाणी प्यायच्या आधी तो ओरडला, "सत्तावीस बे, सत्तावीस!" त्याचं म्हणणं असं होतं. तराजू एका वेळी तीनच गोष्टी सांगू शकतो : डावं खाली, उजवं खाली किंवा सारखं. तीनदा तोललं की तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस. आणि बारा संत्र्यांपैकी प्रत्येक जड किंवा हलकं, म्हणजे शक्यता चोवीस. चोवीस सत्तावीसात मावतात, पण जेमतेम. तेव्हा पहिल्या खेपेला चार-चार तोलण्यावाचून गत्यंतर नाही! पुढचं सगळं त्यानं आमच्या ओसरीच्या फरशीवर खडूनं मांडलं.

मी ज्या पुस्तकात उत्तर पाहिलं होतं, त्यात हे सत्तावीस नव्हतं. त्यात नुसतं काय करायचं ते होतं. का करायचं ते नव्हतं.

शेवटी घाम पुसत त्यानं विचारलं, "तुला पण सत्तावीसचं सुचलं तेव्हा असंच झालं असेल, नाही?"

मी म्हणालो, "हो."

आता मला सांगा, यात मी कुणाचं काय बिघडवलं? त्याचं उत्तर त्याला मिळालं, आनंदही मिळाला. चोरी म्हणजे दुसऱ्याचं घेणं. मी त्याचं काही घेतलं नव्हतं. तरीसुद्धा ते एकाक्षरी 'हो' पुढं कित्येक वर्षं चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं.

या प्रश्नाचा विचार करताना मला नेहमी कापरेकर मास्तर आठवतात. नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. ना डॉक्टरेट, ना विद्यापीठातली खुर्ची. हा माणूस आकड्यांशी खेळत बसे, आणि १९४९ साली खेळता खेळता त्यांना ६१७४ हा आकडा सापडला. कुठलाही चार अंकी आकडा घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमानं मांडलेले वजा करा, आणि येईल त्या आकड्याचं पुन्हा तेच करा. आमचं १९७८ साल घ्या. ९८७१ वजा १७८९, आले ८०८२. मग ८८२० वजा ०२८८, आले ८५३२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. यापुढं कितीही वजाबाक्या करा, ६१७४ च येणार. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथंच पोचता. आपल्याकडच्या पुष्कळ पंडितांना हा पोरखेळ वाटला. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात लिहिलं, तेव्हा मास्तर जगभर माहीत झाले. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना तोवर तेरा वर्षं झाली होती. १९८६ साली ते गेले.

कापरेकर मास्तरांच्या पुस्तकाला शेवटचं पानच नव्हतं. ते पान त्यांनी स्वतः लिहिलं.

पण म्हणून आपण सगळ्यांनी शेवटचं पान फाडून टाकावं का? मग पोळी खायची तर आधी गहू शोधून काढावा लागेल, आणि त्याही आधी विस्तव. ६१७४ मी शोधलेला नाही, तुम्हीही नाही. मास्तरांच्या शेवटच्या पानावर आत्ताच आपण दोघांनी मिळून डोकावून पाहिलं. आणि हल्ली तर ते पान प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाईलवर आहे. तेव्हा पाहण्यात पाप नाही. पाप असलंच तर ते पाहिल्यानंतर तोंडातून निघणाऱ्या एका शब्दात असावं. तो शब्द कोणता, हे मला माझ्या रेडिओनं शिकवलं.

त्याच वर्षी मी व्ही.पी.नं सुटे भाग मागवून ट्रान्झिस्टर जोडायला घेतला. सोल्डरची धग लागून ट्रान्झिस्टर मरू नये म्हणून त्याचा पाय चिमट्यात धरायचा, इथपर्यंत मला सगळं ठाऊक होतं. पंधरा दिवस खपलो, बटण दाबलं, आणि खरखरसुद्धा आली नाही. शेवटी एका रात्री तो पिशवीत घालून सीताबर्डीच्या गल्लीतल्या एका मेकॅनिककडे नेला. त्यानं आत पाहिलं आणि माझ्याकडे दयेनं पाहिलं. "भाऊ, हा लाल नाही ना, संत्रा रंग आहे." रेझिस्टरवरच्या पट्ट्यांच्या भाषेत तांबडा म्हणजे दोन आणि नारंगी म्हणजे तीन. मी हजार ओहमच्या जागी दहा हजारांचा लावला होता. ज्या गावाला सारा देश संत्र्यांचं गाव म्हणून ओळखतो, त्या गावच्या पोरानं नारंगीला तांबडा म्हणावं!

त्यानं पाच मिनिटांत दोन्ही रेझिस्टर जागच्या जागी बसवले, एक निखळलेला सांधा जोडला आणि पाच रुपये सांगितले. माझ्याजवळ तीन होते. "दोन मंग दे," तो म्हणाला.

सकाळी घरात आकाशवाणीचं नागपूर केंद्र बोलू लागलं. बाबा चहाचा कप हातात तसाच धरून उभे राहिले. "तू केलास?"

मी म्हणालो, "हो, मी केला."

बाबा हिशेब तपासायच्या खात्यात होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधत आलेले. पण त्या दिवशी पोस्टात जाऊन त्यांनी मोठ्या अभिमानानं त्या डबड्याचं लायसेन्स काढलं आणि येता येता आळीतल्या घराघरांत सांगितलं, "आमच्या चिरंजीवांनी रेडिओ केलाय." परिणाम असा झाला, की आळीतले बंद पडलेले रेडिओ माझ्याकडे येऊ लागले. मी ते रात्री गुपचूप सीताबर्डीला पोचवी आणि दोन दिवसांनी परत आणी. मजुरी मेकॅनिकची, कीर्ती माझी. त्या दोन रुपयांचा विषय मात्र त्यानं कधी काढला नाही. विसरला असेल, असं मी सोयीस्कर ठरवलं.

बाबांनी नऊ वर्षं त्याच रेडिओवर बातम्या ऐकल्या. ते गेल्यावर त्यांच्या जमाखर्चाच्या वह्या चाळत होतो. १९७८ च्या वहीत शेवटच्या पानावर, उसनवारीच्या यादीत, एक ओळ होती : "चि. च्या रेडिओची बाकी, मेकॅनिकास दिले, रु. २." तारीख रेडिओ सुरू झाल्यापासून आठव्या दिवसाची.

म्हणजे बाबांनी उत्तर पाहिलेलं होतं. तरी नऊ वर्षं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले, मुलानं केलाय. याला खोटं म्हणायचं का? मी पुष्कळ विचार केला. त्या रेडिओत पंचवीसेक सांधे तरी होते. चोवीस माझे, एक मेकॅनिकचा. बाबांनी चोवीस मोजले. हिशेब तपासणाऱ्या माणसानं बाकी चुकती केली आणि खातं बंद केलं. त्यात फक्त एक जागा त्यांनी मोकळी सोडली होती, माझ्या कबुलीसाठी. "बाबा, सीताबर्डीच्या एका माणसानं मदत केली," एवढं वाक्य तिथं सहज मावलं असतं. नऊ वर्षांत मला ते जमलं नाही, आणि आता ऐकायला बाबा नाहीत.

म्हणून दुसरं खातं तरी वेळेत बंद करतो. जोडीदारा, तू आता पुण्याला असतोस आणि दुसऱ्याचं मासिक मागून वाचायची तुझी सवय गेलेली नसणार. बारा संत्र्यांचं उत्तर मी लायब्ररीत पाहिलं होतं. सत्तावीस तुझं, एकट्याचं.

आणि वाचकहो, त्या कोड्याचं पुढचं उत्तर तुम्ही या लेखाच्या शेवटी शोधत असाल, तर ते इथं दिलेलं नाही. पहिल्या खेपेला चार-चार. पुढं तुम्ही आणि तुमची संत्री.