एका रोग्याची साक्ष

रुग्णालयाची तपासणी करताना एका रोग्याची हकीकत पुरावा म्हणून धरावी का? मोजमापाची सवय जडलेले लोक म्हणतात, छे! शंभरांचा तक्ता द्या. एका म्हातारीचे रडगाणे काय कामाचे?

इंग्लंडातल्या स्टॅफर्ड गावच्या सरकारी रुग्णालयाचा तक्ता चांगला होता. इतका, की २००८ च्या फेब्रुवारीत त्याच्या संस्थेला मानाचा 'फाउंडेशन ट्रस्ट' हा दर्जा मिळाला. आणि त्याच काळात तिथे पाण्याचा पेला रोग्याचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवलेला असे, घाण झालेल्या चादरी तशाच राहत! नातेवाईक कळवळून सांगत. पण ती 'तक्रार' ठरे, पुरावा नव्हे. पुढे रॉबर्ट फ्रान्सिस यांनी या हकिकतीच ऐकून घेतल्या आणि २०१० च्या अहवालात विस्ताराने मांडल्या. पेला किती दूर होता, याचा रकाना कोणत्या तक्त्यात असतो?

पण मी पडलो मास्तर. साहेब तपासणीला आले, की कोणत्या पोराने उठून उत्तर द्यायचे ते आदल्या दिवशीच ठरलेले असते. ते पोर लबाडी करीत नाही हो. त्याला खरेच येते! रुग्णालयानेही तोंडभर आभार मानणारा रोगी पुढे केला, तर त्याची हकीकत खरीच असेल. तेव्हा यादीवर बोट तपासनिसानेच ठेवावे. आणि ज्याला धड बोलता येत नाही, ज्याला भेटायला कोणी येत नाही, त्याच्या खाटेशी आधी बसावे. तिथे सारी सकाळ जाईल, आणि साहेबांना तर संध्याकाळची गाडी गाठायची असते.