पानठेल्यावर आवक-जावक नसते

बसा खाली. मोबाइल खिशात घाला. खड्ड्याचा फोटो मी पाहिलाय, गावाच्या ग्रुपवर सगळ्यांनी पाहिलाय, आणि त्याखाली तुम्ही टाकलेले लालबुंद चेहरेही पाहिलेत. रस्त्याच्या कडेचा मुरूम काढून कंत्राटदार निघून गेला, पावसाचं पाणी भरलं, आता ती बोडी आहे की खड्डा हे म्हशीलाही कळत नाही. शाळेच्या पोरांची वाट तिथूनच. इतकं सगळं ठाऊक आहे, तर अर्जाची पोच दाखवा.

नाही ना? "सांगतलं होतं साहेबाले." कुठे सांगितलंस? पानठेल्यावर! तिथे आवक रजिस्टर ठेवतात वाटतं?

गधड्यांनो, तोंडी तक्रार कार्यालयाच्या लेखी झालेलीच नसते. उद्या एखादं पोर त्या पाण्यात गेलं की साहेब चौकशीत सरळ सांगेल, आमच्याकडे तक्रार नव्हती. ते खोटंही नसेल. ही पळवाट त्याला तुम्ही खणून दिलीत.

9 जानेवारी 2021 ची आठवण काढली की माना खाली घालता. आपल्याच भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात, रात्री, नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. 10 बाळं गेली, 7 वाचली. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, पुढे दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. तुम्ही हळहळलात. पण त्यानंतर किती जणांनी आपल्या आरोग्य केंद्राला विचारलं, की इथली आग विझवायची साधनं शेवटची कधी तपासली? माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो, उत्तराला 30 दिवसांची मुदत आहे. खर्र्याला किती देता रे दिवसाचे?

"कोन आयकते, गुरुजी?" हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा नको. रतलामच्या एका वॉर्डातले लोक उघड्या गटारांना आणि घाणीला कंटाळून दंडाधिकाऱ्याकडे गेले. नगरपालिका म्हणाली, पैसे नाहीत. भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि 1980 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तिला सुनावलं, की तिजोरी रिकामी असल्याचं सांगून कर्तव्य टाळता येत नाही. त्या लोकांनी वापरलं ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 133. 1 जुलै 2024 पासून तेच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 152 झालंय. रस्त्यालगतचं तळं, विहीर, खोदलेली जागा लोकांना धोक्याची असेल, तर कुंपण घालायचा आदेश उपविभागीय दंडाधिकारी देऊ शकतो. पडायला आलेलं झाड आणि इमारतही त्यात येते. हा अधिकारी काही मुंबईला बसत नाही. भंडारा, तुमसर, साकोली, इथेच बसतो. बाजाराला तुम्ही जाता त्याच गावांत.

मधल्या बाकावरून कोणीतरी भरपाईचं पुटपुटलं. हो, ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलंय, की खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलने माणूस मेला तर वारसांना 6 लाख, जखमीला 50 हजार ते अडीच लाख, आणि ही रक्कम दोषी अधिकारी-कंत्राटदाराकडून वसूल करायची. तेवढंच बरं लक्षात राहिलं! 6 लाख मेल्यावर मिळतात. त्याच निकालात खड्डा दिसल्यापासून किंवा कळवल्यापासून 48 तासांत दखल घ्या असंही म्हटलंय. कळवायला कोण जाणार, तुमचा आजा?

आता कागद घ्या. रस्ता ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकाम विभागाचा, ते आधी शोधा. नाही उमगलं तर तिघांनाही अर्ज द्या. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं तर ते बोट लेखी मागा. खड्डा कुठे, शाळेपासून किती लांब, पाणी किती खोल, कधीपासून, तारखेसह लिहा. 'कृपा करून' ची माळ लावू नका, भीक मागायला चाललेले नाही आहात. दोन प्रती करा, एकीवर शिक्का, सही आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय पायरी उतरू नका. एक प्रत दंडाधिकाऱ्याला.

मागच्या बाकावर सरपंचाचा पोरगा हसतोय. ये पुढे. पहिली सही तुझी.