भांड्यांचा आवाज कोणाचा?
१९४८ साली पॅरिसमध्ये पिएर शेफर यांनी आगगाड्यांचे आवाज तबकड्यांवर टिपून त्यांचीच एक संगीतरचना केली. मग आमच्या नालासोपाऱ्याची पहाटेची लोकल, कुकरच्या शिट्ट्या, मोरीतला भांड्यांचा खणखणाट यांचे गाणे का होऊ नये? व्हावे की! चिनी मातीच्या वाडग्यांतून आपण जलतरंग ऐकतोच. पण वाडगे वाजवणारा आपखुशीने वाजवतो. परक्या घरची भांडी घासणाऱ्या बाईचे तसे नाही. ऐकणाऱ्याला लय लागते, तिची कंबर भरून येते. आवाज हवेत सुटला की तो कोणाचाच नसतो, असे म्हणतात. मला ते पटत नाही. ती रचना आधी तिला ऐकवावी. आणि ती म्हणाली, ‘दिवसभर हेच ऐकते हो, बंद करा ते,’ तर?