आपलं आणि आपल्या हातातलं

संघ हरला की ‘टेम्परामेंट’ कमी पडलं, जिंकला की ‘कॅरेक्टर’ दिसलं. क्रिकेटवरच्या आपल्या चर्चेला हल्ली तिसरं कारण सुचत नाही. 19 डिसेंबर 2020 रोजी ॲडलेडमध्ये भारताचा डाव 36 धावांवर संपला. एकाही फलंदाजाला दोन आकडी मजल मारता आली नाही. लगेच मानसिक कणखरतेचा पंचनामा सुरू झाला. दहा दिवसांनी मेलबर्नची कसोटी आठ गडी राखून जिंकली, तेव्हा त्याच ड्रेसिंग रूममध्ये पोलादी मनं सापडली.

मधल्या काळात संघात चार बदल झाले, कोहली मायदेशी परतला, हे मान्य. पण म्हणून पुढे आलेलं स्पष्टीकरण कोणतं? त्याच्या जागी कर्णधार झालेल्या रहाणेचा शांत स्वभाव! धावा होत नसल्या की हाच शांतपणा आक्रमकतेचा अभाव ठरतो. निकाल लागल्यावर ज्याचा अर्थ ठरतो, त्या गुणाला निकालाचं कारण कसं म्हणायचं?

स्वभावावरून खेळाडू पारखण्याचा सोस जुना आहे. 1960 च्या दशकात अमेरिकेत ऑगिल्वी आणि टुटको या मानसशास्त्रज्ञांनी खेळाडूंसाठी प्रश्नावली काढली. आक्रमकता, जिद्द, भावनिक नियंत्रण यांची मोजदाद करून प्रशिक्षकाला माणूस कळेल, असा त्यांचा भरवसा. पण विजेत्याचा असा एक ठरीव साचा काही हाती आला नाही. यायचा तरी कसा? वरच्या पातळीवर पोचलेले सगळे आधीच गाळून आलेले असतात. यशातल्या फरकाचं श्रेय स्वभावाला देण्याइतका त्यांच्या स्वभावांत फरक उरतच नाही. शिवाय खेळाडूला निवड हवी असते, उत्तरं कशी द्यायची हे त्याला पुरेपूर कळतं. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेलने 1968 मध्येच दाखवलं होतं की प्रसंग बदलला की वागणं बदलतं. नेटमधला माणूस आणि चौथ्या दिवशीच्या खेळपट्टीवरचा माणूस यांना एकाच गुणपत्रिकेत कोंबायचं कशाला?

मग स्वभावाऐवजी पाहायचं काय? खेळाडू अपयशाचं कारण कशात शोधतो, ते. मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड वाइनरने अशा कारणांना तीन प्रश्न लावले: ते आत आहे की बाहेर, टिकाऊ आहे की बदलतं, आपल्या ताब्यात आहे की नाही. आपले प्रशिक्षक पहिल्यापाशीच थांबतात. ‘दोष स्वतःकडे घे’ म्हणतात आणि जबाबदारी शिकवल्याचं समाधान मानतात. पण ‘मी दबावात कोसळतो’ हे कारणही स्वतःकडेच घेतलेलं असतं. ते आपलं असतं, आपल्या हातातलं नसतं. ‘बॅट अंगापासून लांब गेली’ हे दोन्ही असतं.

कारण कुठलं देतो यानं फरक पडतो. मानसशास्त्रज्ञ सेलिगमनच्या जलतरणपटूंवरच्या प्रयोगात निराशावादी वळणाची, म्हणजे अपयशाला न बदलणारं कारण देणारी मुलं, वेळ मुद्दाम वाईट सांगितल्यावर, पुढच्या खेपेला खरोखर मंदावली. हे वळणही स्वभावच झाला, असा आक्षेप येईल. काही अंशी तो बरोबर आहे. पण मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेकने 1975 मध्ये हातपाय गाळणाऱ्या मुलांना अपयशाचा संबंध प्रयत्नांशी जोडायला शिकवलं, आणि ती टिकून राहू लागली. शिकवता येणाऱ्या गोष्टीला मी स्वभाव म्हणणार नाही.

ॲडलेडमध्ये ऑस्ट्रेलियाच्या हेझलवूडच्या अप्रतिम चेंडूवर कुणाचा ताबा नव्हता. निवडीवर होता. 36 धावांत गारद झालेल्या संघाने कोहलीच्या जागी निव्वळ फलंदाज न घेता जडेजाला घेतलं, पाचवा गोलंदाज मिळवला. त्याच जडेजाने 57 धावा काढत रहाणेबरोबर 121 ची भागीदारी केली. चर्चेत गाजला तो मात्र संयम.