इलेक्ट्रॉन अडवण्याची कल्पना

अवकाशयानाच्या विद्युत थ्रस्टरमध्ये काहीही जळत नाही. झेनॉनसारख्या वायूच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात आणि उरलेले धनायन विद्युत क्षेत्राच्या जोरावर सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटर वेगाने बाहेर फेकले जातात. रासायनिक इंजिनाचा झोत साडेचार किलोमीटरच्या पुढे फारसा जात नाही. त्यामुळे विद्युत थ्रस्टरला फार कमी इंधन लागते. रॉबर्ट गोडार्ड यांनी 1906 मध्ये आणि त्सिओल्कोव्स्की यांनी 1911 मध्ये ही शक्यता ओळखली होती.

ती प्रत्यक्षात आणण्याचा पहिला मार्ग जाळ्यांचा: दोन जाळ्यांमधल्या विद्युत क्षेत्राने धनायन बाहेर ओढायचे. क्लीव्हलँड येथील नासाच्या केंद्रात हॅरल्ड कॉफमन यांनी बनवलेला असा थ्रस्टर 1964 मध्ये अवकाशात चालला. पण दोन जाळ्यांमधल्या फटीत फक्त धनायन असतात आणि ते एकमेकांना दूर लोटतात. त्यामुळे ठरावीक क्षेत्रफळातून ठरावीक प्रवाहापेक्षा जास्त प्रवाह जाऊ शकत नाही.

मॉस्कोच्या कुर्चातोव्ह संस्थेत अलेक्सेई मोरोझोव्ह यांनी जाळ्याच काढून टाकल्या. वर्तुळाकार नळीच्या तळाशी धनाग्र, तोंडाबाहेर ऋणाग्र आणि नळीत आडवे चुंबकीय क्षेत्र, अशी ही रचना. ऋणाग्राकडून आत येणारे इलेक्ट्रॉन या क्षेत्रात अडकतात आणि नळीभोवती गोल फिरत राहतात. हाच तो हॉल प्रवाह; एडविन हॉल यांना 1879 मध्ये धातूच्या पत्र्यात दिसलेल्या परिणामाशी नाते सांगणारा. झेनॉनचा आयन इलेक्ट्रॉनच्या सुमारे 2,40,000 पट जड असल्याने चुंबकीय क्षेत्राला तो फारसा जुमानत नाही आणि सरळ बाहेर पडतो. नळीत दोन्ही भार समप्रमाणात असल्याने जाळ्यांची मर्यादाही उरत नाही. 1971च्या अखेरीस सोडलेल्या सोव्हिएत ‘मेटिओर’ उपग्रहावर हे इंजिन यशस्वी ठरले. पुढच्या एसपीटी-100 या प्रकाराला सुमारे 1,350 वॅट वीज लागते आणि त्याचा रेटा असतो सुमारे 83 मिलिन्यूटन, म्हणजे तळहातावर ठेवलेल्या साडेआठ ग्रॅम वजनाइतका. महिनोन्महिने सतत मिळाला तर एवढा रेटा पुरतो.

खरा वैचारिक पेच मात्र इथेच सुरू होतो. अडकलेले इलेक्ट्रॉन इतर कणांवर आदळून हळूहळू धनाग्राकडे सरकावेत, असे साधे गणित सांगते. प्रत्यक्षात ते त्याहून कितीतरी वेगाने झिरपतात. आयनांचा झोत निर्माण न करणारा हा प्रवाह म्हणजे वाया गेलेली वीज, त्यामुळे कार्यक्षमतेचा प्रश्न अखेर याच गळतीपाशी येतो. आधी दोष भिंतींना दिला गेला. पुढे नळीतल्या भारित वायूतल्या, म्हणजे प्लाझ्मातल्या, सूक्ष्म लहरींकडे लक्ष वळले: फिरत्या इलेक्ट्रॉनांमुळे मेगाहर्ट्झ वारंवारतेचे तरंग उठतात आणि तेच इलेक्ट्रॉनांना पुढे ढकलतात. आज हे स्पष्टीकरण सर्वांत पटण्याजोगे आहे. पण त्यावरून नव्या थ्रस्टरचे वर्तन आधीच अचूक वर्तवता येत नाही.

थ्रस्टरच्या आयुष्याचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला, तोही योगायोगाने. आयनांच्या माऱ्याने बोरॉन नायट्राइडच्या भिंती झिजतात आणि शेवटी चुंबक उघडे पडतात. अमेरिकेतील बीपीटी-4000 थ्रस्टरच्या दीर्घ चाचणीत सुमारे 5,600 तासांनंतर ही झीज जवळपास थांबली. नासाच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेतील गणनांनी कारण शोधले: झिजलेल्या भिंतीचा आकार असा झाला होता की चुंबकीय रेषा तिला न छेदता तिच्या कडेने जात होत्या. त्या रेषांवरचे इलेक्ट्रॉन थंड असल्याने भिंतीजवळ आयनांना वेग देणारे विद्युत क्षेत्र उरत नव्हते. मग तशीच रचना मुद्दाम केली गेली आणि भिंतीची झीज शेकडो पटींनी घटली. आता झीज दिसते ती चुंबकाच्या ध्रुवांच्या पृष्ठभागावर.

भारताच्या जीसॅट-9 या उपग्रहाने 2017 मध्ये झेनॉनचे विद्युत थ्रस्टर नेले आणि 2023 मध्ये निघालेले ‘सायकी’ यान एसपीटी-140च्या बळावर लघुग्रहाकडे चालले आहे. तरीही इलेक्ट्रॉनांच्या गळतीचा आकडा गणनेत आजही प्रयोगावरून बेतून घालावा लागतो. म्हणूनच प्रत्येक नवा थ्रस्टर उड्डाणापूर्वी जमिनीवरच्या निर्वात कक्षात हजारो तास चालवून पाहावा लागतो.