बिघडवण्याची मुभा

शेगावला १९८३ साली श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या मुलांना इंजिनिअरिंग घराजवळ आलं. घरात मात्र आजही कॉम्प्युटर बहुधा एकच असतो. त्यावर वडिलांच्या कृषी केंद्राची बिलं, बहिणीचे भरतीचे फॉर्म. पोरानं त्यावर लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं नाव काढलं की आवाज येतो, “हात लावू नको, बिघडेल.” ही भीती खोटी नाही. पार्टिशन करताना एक पर्याय चुकला की सगळी डिस्क साफ.

आपली पोरं बुद्धीनं कमी पडत नाहीत, या भीतीनं मागं राहतात, असं माझं ठाम मत आहे. व्हर्च्युअल मशीनचं मोल मला वाटतं ते म्हणूनच. विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्स हा मोफत प्रोग्राम टाकला की एका चौकटीत दुसरा कॉम्प्युटर उभा राहतो. आतल्या लिनक्सला जी हार्ड डिस्क दिसते, ती खरं तर विंडोजमधली एक मोठी फाइल असते. आत खुशाल फॉरमॅट मारा, बिलांना धक्का लागत नाही. आधी स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, घ्यावा, मग सगळी सेटिंग्ज असलेला ‘ईटीसी’ फोल्डर मुद्दाम उडवून पाहावा. मशीन पुन्हा धड सुरू होत नाही. पडद्यावर आलेल्या चुका एकेक करून वाचाव्यात आणि स्नॅपशॉटवर परत यावं. नवं बियाणं शेतकरी आधी चार ओळींतच लावून बघतो. पण त्याचा हंगाम जातो, इथं पाच मिनिटं जातात.

ही कल्पना मुळात टंचाईतूनच आली. १९६०च्या दशकात आयबीएमचं महागडं यंत्र एक आणि वापरणारे अनेक, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र यंत्राचा भास देण्याची युक्ती निघाली. १९९९मध्ये व्हीएमवेअरनं ती साध्या पीसीवर आणली. २००५पासून इंटेलनं प्रोसेसरमध्येच तिची सोय केली.

मेमरी मात्र खरीच लागते. चार जीबीत दोन सिस्टिम कोंबल्या की दोन्ही रखडतात. आठ जीबीत निभतं. आणि स्नॅपशॉटही त्याच डिस्कवर असतो, तेव्हा बिलांची प्रत पेनड्राइव्हवर वेगळी हवीच.

कॉलेजांच्या बऱ्याच लॅबमध्ये प्रोसेसरमधली ही व्हर्च्युअलायझेशनची सोय बायोसमध्ये बंदच असते. ती चालू करायला एक पैसा लागत नाही. त्यापुढं जाऊन प्रॅक्टिकलच्या परीक्षेत प्रत्येकाला एक बिघडवलेलं व्हर्च्युअल मशीन द्यावं, ते दुरुस्त करायला सांगावं आणि दुरुस्तीइतकेच गुण बिघाड कसा शोधला यालाही द्यावेत.