उबेचे ऋण

जे सुख आपणांस विनामूल्य लाभते असे वाटते, त्याचे मूल्य खरोखर कोणीच चुकते करीत नसतो काय, हा प्रश्न धर्मशास्त्राइतकाच जुना असला, तरी प्रत्येक युगाला तो नव्या वस्तूच्या निमित्ताने पुन्हा विचारावा लागतो. आणि आपल्या काळात तो हिमप्रदेशातल्या हिवाळ्यात धावणाऱ्या विजेच्या मोटारीने विचारला आहे. छत्रपती संभाजीनगरात बसून हिमाची चर्चा करणे कोणास अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या शहराने 2010 मध्ये एकदम दीडशे मर्सिडीज मोटारी खरेदी करून देशभर नाव गाजवले, आणि 2022 मध्ये तशाच सामुदायिक खरेदीने विजेच्या मोटारी दारी आणण्याचा संकल्प केला, त्याच शहरातील घराघरांतली मुले आज शिकागो आणि टोरांटो येथे संसार थाटून आहेत. तेव्हा एकाच घराण्यातील एक मोटार जालना रस्त्याच्या उन्हात आणि दुसरी उणे वीस अंशांच्या बर्फात धावावी, यात आता नवल राहिलेले नाही.

पेट्रोलच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनाचा तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी भाग चाकांच्या कामी येतो; बाकीचा उष्णता होऊन वाया जातो, आणि त्या वाया जाणाऱ्यातलाच अल्प अंश आत वळवून थंड मुलखातील प्रवासी हातपाय शेकतो. विजेच्या मोटारीत असे उरतेच फार थोडे. तिथे ऊब हवी तर ती बॅटरीतून, म्हणजे पुढच्या रस्त्यातूनच, कापून द्यावी लागते. अमेरिकेतील मोटारचालकांच्या एएए या संघटनेने 2019 मध्ये केलेल्या चाचणीत उणे 7 अंश सेल्सिअसला नुसत्या थंडीने पल्ला सरासरी 12 टक्के घटला, आणि आतली हवा तापवू लागताच ही घट 41 टक्क्यांवर गेली. थंडीने नेले थोडे, उबेने नेले फार. त्यात बॅटरीचा स्वभाव असा की, कडाक्याच्या थंडीत तिच्यातील द्रव दाटतो, आयनांची ये-जा मंदावते, आणि गोठणबिंदूखाली घाईने वीज भरली तर लिथियम धातूचा थर आत साचून तिला कायमची इजा होते. म्हणून ती आधी स्वतःसाठी ऊब मागते आणि मगच वीज स्वीकारते. जानेवारी 2024 मध्ये शिकागोत चार्जिंगच्या ठिकाणी मोटारींच्या रांगा लागल्या आणि काही मोटारी ओढून न्याव्या लागल्या, त्याचे एक कारण हेच होते.

आता अशी कल्पना करावी की, अशाच एका रात्री गावाहून आलेली वृद्ध आई मागच्या आसनावर शाल घट्ट ओढून बसली आहे, पुढे मुलाची नजर पडद्यावरच्या उरलेल्या पल्ल्याच्या आकड्यावर खिळली आहे, आणि हीटर बंद केला तर मोटार घर गाठते, चालू ठेवला तर गाठत नाही. पेट्रोलच्या मोटारीत हा पेच उद्भवत नाही, कारण तिथे आईला ऊब देण्यासाठी मुलाला काहीच सोडावे लागत नाही. मग त्या उबेला सेवा म्हणावे काय?

शिलकेतून दिलेले ते हीन, असे ठरवण्याची घाई मात्र करू नये. आमच्या शहरातील पाणचक्कीत डोंगरातून भूमिगत नळांनी आणलेले पाणी उंचावरून पडून जाते फिरवी, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात उतरणाऱ्या फकिरांसाठी पीठ दळी, आणि काम आटोपून हौदात पसरलेल्या त्याच पाण्याखाली जे दालन आहे, ते ऐन उन्हाळ्यात थंडगार राही. हा गारवाही शिलकेतलाच. परंतु तेथे उतरणाऱ्या वाटसरूची आठवण ठेवून कोणीतरी त्याची आगाऊ तजवीज केली होती. इंजिनाच्या उष्णतेमागे असा हेतू नाही, आणि ती निर्दोषही नाही.

स्मृतिकारांनी चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा ही गृहस्थाच्या घरातील पाच हिंसास्थाने सांगितली, आणि नकळत घडणाऱ्या त्या हिंसेच्या परिहारार्थ पंचमहायज्ञ नेमून दिले. त्यांनी चूल विझवायला सांगितले नाही, आणि चूल निष्पाप आहे असेही म्हटले नाही. मला यातच त्यांचा थोरपणा दिसतो. मोटारीलाही हाच न्याय लागू आहे. पेट्रोलच्या उबेचा मोबदला रस्त्यावरचा पादचारी धूर गिळून देत आला. आपल्या खतावणीत ती रक्कम कधी पडली नाही, इतकेच. विजेच्या मोटारीत तिचा बराच भाग आपल्याच खाती पडतो, आणि तोही डोळ्यांसमोर. सगळा मात्र नव्हे. मराठवाड्यात दारात भरलेल्या विजेमागे परळीच्या औष्णिक केंद्राचा कोळसा आहे, राख आहे, आणि ती राख ज्यांच्या शेतात पडते त्यांची नोंद मोटारीच्या पडद्यावर होत नाही.

येथून पन्नासेक किलोमीटरांवर पैठण आहे. काशीची गंगा कावडीने रामेश्वराला नेत असता एकनाथांनी ती तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातली, ही कथा मराठी माणसाला बालपणापासून ठाऊक असते. ते पाणी शिलकेतले नव्हते. साऱ्या यात्रेचे प्रयोजनच ते होते. विजेच्या मोटारीतील ऊब मला या दानाच्या जातीची वाटते, कारण ती गंतव्यातून कापून दिलेली असते. दान मोजके असावे हा विवेकही तीच मोटार शिकवते: एक आसन तापवायला शंभरेक वॉट पुरतात, आतली सगळी हवा तापवायला हजारो लागतात, आणि रिकाम्या आसनांना उबेची गरज नसते.

म्हणून हिमप्रदेशातील आपल्या मुलाबाळांना माझी विनंती आहे की, निघण्यापूर्वी मोटार घरच्या विजेला जोडलेली असतानाच ती बॅटरीसह तापवून घ्या, एकटे असाल तेव्हा आसनापुरत्या उबेवर भागवा, म्हातारी माणसे व लेकरे बरोबर असतील तेव्हा हीटर निःसंकोच चालवा, आणि त्यापायी वाटेत अर्धा तास थांबून पुन्हा वीज भरावी लागली, तर थांबा.